तो की ती, ते आधी सांगा!

"दोन अक्षरी शब्द. शिवणात ठेवतात, लेकरांना लावतात आणि लबाड माणूस जमवतो."

आमच्या बचत गटाची बैठक दर बुधवारी दुपारी असते. हप्ते गोळा झाले, वहीत मांडले, चहा आला की मी भिंतीवरच्या फळ्यावर असं एखादं वाक्य लिहिते. त्या दिवशी हे लिहिलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी 'सुई' म्हणालं, कुणी 'पैसा'. पैसा शिवणात कसा ठेवणार! मग कोपऱ्यात बसलेली आमची शिवणकाम करणारी वहिनी एकदम ओरडली, "अगं बाई, माया!"

ब्लाउज शिवताना पुढं-मागं उसवायला लागलं तर असावं म्हणून आत जे जादा कापड सोडतो, ती माया. लेकरांना लावतो, ती माया. दोन नंबरच्या धंद्यात जमते, तीही माया. आणि एक आजीबाई हसत म्हणाल्या, "कीर्तनकार ज्यात गुतू नका म्हनत्यात, ती र्‍हायलीच की!"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी रोज दुपारी भांडी आवरली की पेपर उघडून आधी शब्दकोडं काढत असतील. मी त्यातलीच. माझं माहेर सातारा, सासर सांगली. माहेरी अण्णांची पेन्सिल कोड्यासाठीच राखीव असायची. ती कानावर लावून ते पायरीवर बसायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून एकेक सूचना मोठ्यानं वाचायचे. आई पोळ्या लाटता लाटता उत्तर द्यायची. तिचं उत्तर चुकलं की अण्णा रागवायचे नाहीत, फक्त विचारायचे, "तो की ती, ते सांग आधी!"

तेव्हा हे मला नुसतं त्यांचं पालुपद वाटायचं. पुढं स्वतः कोडी सोडवायला लागले तेव्हा कळलं, मराठी कोड्याची अर्धी किल्ली त्यात आहे.

आपल्या भाषेत लिंग बदललं की अर्थ बदलतो. तो हार गळ्यात पडतो, ती हार मैदानात होते. ती माळ देवाला, तो माळ जत-आटपाडीकडचा, उन्हाळ्यात नुसता रखरखीत. ती वात समईतली, तो वात गुडघ्यातला. तो पाठ पुस्तकातला, ती पाठ दुखणारी. ती साल केळ्याची, ते साल जन्माचं. ती सर पावसाची, तो सर मोत्यांचा, आणि ते सर शाळेतले! 'घसरून पडायला कारण' अशी सूचना असेल आणि आपण डोक्यात 'ते साल' धरून बसलो, तर जन्मात सुटायचं नाही. 'ती' म्हणून बघायचं.

कोडं रचणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो लिंग लपवतो. त्यासाठी आपल्या लिखित भाषेतच एक सोय आहे. बोलताना आपण 'ती लागते' आणि 'ते लागतं' असं वेगळं म्हणतो. लिहिताना मात्र दोन्हीला 'लागते'च. कागदावरच्या सूचनेत 'लागते' असेल तर ती की ते, काहीच कळत नाही. मोठ्यानं वाचून दाखवताना जीभ चुकून 'लागतं' म्हणाली, की गुपित फुटलंच. मी फळ्यावर लिहिते त्याचं एक कारण हेच.

दुसरी गंमत चौकोनांची. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटं अक्षर, आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर. 'सातारा' तीन घरांत बसतो, 'सांगली'ही तीनच. त्यामुळे आपले शब्द आखूड, दोन-तीन घरांचे. आणि जितका शब्द लहान, तितके त्याला अर्थ जास्त. 'कर' म्हणजे हात, घरपट्टीही कर, आणि 'काम कर' मधलाही कर. 'अंक' म्हणजे आकडा, मांडी, मासिकाचा अंक आणि नाटकाचाही. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथंच रंगभूमीवर आणलं. त्यामुळे सांगलीकर बाईला 'अंक' म्हटलं की आधी पडदाच दिसतो! 'वारी' म्हटलं की लोणंद-फलटणच्या बाजूच्या बाईला माउलींची पालखी आठवणार. पण कोड्यात 'पाणी (२)' अशी सूचना असेल तर तिथंही 'वारी' बसते, संस्कृतातलं पाणी. अशी पाण्याची नावं तरी किती! जल, नीर, तोय, पय. त्यातल्या पयला परत दूध असाही अर्थ. कोड्यात दूध-पाणी एक झालेलं चालतं, आपल्या दारात मात्र नाही.

अडलं की अण्णा मला वाचनालयात पाठवायचे, 'महाराष्ट्र शब्दकोशा'त बघून ये म्हणायचे. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत काढलेला तो कोश. एकेका शब्दापुढं एक, दोन, तीन, चार करत अर्थ मांडलेले. एका शब्दासाठी जायचे आणि तासभर तिथंच रेंगाळायचे. घरी आल्यावर आई विचारायची, एवढा वेळ काय करत होतीस? काय सांगणार!

एक गोष्ट मात्र कोशात नाही, आजोबांच्या जुन्या पत्रांत सापडली. ते 'नांव' लिहायचे, वर टिंब देऊन. आणि नदीतली 'नाव' बिनटिंबाची. म्हणजे त्यांच्या काळी कागदावर हे दोन शब्द वेगळे होते. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी असली न उच्चारली जाणारी टिंबं गेली आणि माणसाचं नाव व होडीची नाव एकाच रूपात आली. 'कांच' आणि 'काच' यांचंही तसंच. एक बांगडीची, दुसरा सासरचा. आता दोन्ही 'काच'च. शाळेत टिंबं कमी झाली म्हणून मुलं खूश झाली असतील, आणि कोडी रचणाऱ्यांना फुकटात नवे दुहेरी शब्द मिळाले.

आजोबांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या घरात कोड्याला एक काळी बाजूही होती. आजी कोड्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायची. १९४०-५०च्या सुमारास बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं देशभर वेड होतं. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचं आणि हजारो रुपयांच्या बक्षिसाची वाट बघायची. आजोबांनी त्यात बरेच पैसे घालवले. किती ते आजीनं कधी सांगितलं नाही, पण तिच्या पाटल्या त्यात गेल्या एवढं आम्हाला ठाऊक होतं.

फसवणूक कुठं होती? दोन अर्थांतच. समजा सूचना अशी, 'संसारात हे मोठे असले की पुरे', आणि घरं दोन, त्यातलं दुसरं अक्षर 'न' दिलेलं. धन? का मन? दोन्ही बसतात, दोन्हीचं कारण देता येतं. पण बरोबर कुठलं, तर संयोजकानं आधीच ठरवून बंद पाकिटात ठेवलेलं. दहा-बारा सूचना अशा असल्या तर कितीही हुशार माणूस काय करणार? ते कोडं नव्हे, सोडत झाली. सरकारच्याही ते लक्षात आलं. १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्यानं महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसांच्या अशा स्पर्धांना बंदी घातली. त्याच सुमारास मुंबई राज्य आणि आर. एम. डी. चमारबागवाला यांचा खटला गाजला. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातल्या कोड्यांवर मुंबई राज्यानं कर लावला होता. सातारा आणि तेव्हा 'दक्षिण सातारा' म्हणून ओळखला जाणारा आजचा सांगली जिल्हा त्याच राज्यात होते. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, असली स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगार हा काही व्यापार नव्हे.

हे वाचलं तेव्हा मला आजीच्या पाटल्या आठवल्या. पण त्याहून एक गोष्ट मनात बसली. दोन अर्थ असणं हा शब्दाचा दोष नाही. खरं कोडं तुम्हाला चकवतं, पण उत्तर कळल्यावर 'अरेच्चा, समोरच होतं की!' असं वाटायला लावतं. आडव्या-उभ्या शब्दांनी उत्तर पक्कं होतं, वाद उरत नाही. १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं छापलं, त्यातल्या सूचना सरळ होत्या. चकव्याची गोडी पुढं इंग्रजांनी वाढवली. त्यांच्याकडेही संकेत असा की रचणाऱ्यानं हवं तेवढं फिरवावं, पण सूचनेत खोटं बोलू नये. लबाड कोड्यात मात्र दुसरा अर्थ कुणीतरी आपल्या खिशात ठेवलेला असतो.

तर आमच्या गटात कोडं कसं शिरलं ते सांगायचं राहिलं. सुरुवातीला मी पेपरातलंच कोडं घेऊन गेले. बायका म्हणाल्या, "ताई, ही शिकल्या-सवरल्यांची कामं. आमाला कुटनं येनार?" खरंच, त्यातल्या पय आणि द्विज या शब्दांशी त्यांचा काय संबंध! मग म्हटलं, तुमचे शब्द घेऊ. आणि काय सांगू, कोश उघडल्यासारखं झालं. पाट म्हणजे? बसायचा. कराडजवळ खोडशीपासून निघालेल्या कृष्णा कालव्याच्या भागातली एक म्हणाली, "पान्याचा पाट." आजीबाई हळूच म्हणाल्या, "आन् नवरा मेल्यावर लावत्यात त्यो." ताट जेवायचं, आणि रानात उभं राहतं ते शाळवाचं ताट. वाण संक्रांतीचं, आणि वाण द्राक्षाचा, तासगावकडच्या बायकांना 'तास-ए-गणेश' विचारा. खण चोळीचा, खण कपाटाचा, आणि खड्डा खण म्हटलं तर तोही. पेर बोटाचं, पेर उसाचं. मूळ झाडाचं, आणि दिवाळीला लेकीला न्यायला माहेरून येतं ते मूळ.

एकदा मी सातबाराचा उतारा घेऊन गेले. हो, कोडं म्हणूनच! आधी 'उतारा' हाच शब्द. दृष्ट काढून तिकाटण्यावर ठेवतात तो, विषावरचा तो, आणि तलाठ्याकडून मिळतो तोही. 'खत' म्हटलं की त्यांना शेण दिसायचं, खरेदीखतातलं खत म्हणजे दस्त. 'आकार' म्हणजे जमिनीचा गोल-चौकोनी आकार नव्हे, तिच्यावरचा सारा. 'बोजा' म्हणजे डोक्यावरचा नव्हे, जमिनीवर नोंदवलेलं कर्ज. 'कूळ' म्हणजे आपलं कुळ-गोत नव्हे, दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि 'पोटखराबा' वाचल्यावर जे हसू फुटलं! लागवडीला न येणारा जमिनीचा भाग, एवढाच त्याचा अर्थ. पण अजूनही कुणी मिटिंगला आली नाही की निरोप येतो, "तिचा पोटखराबा झालाय!"

या सगळ्यात एक आक्का होत्या. सातवी शिकलेल्या, सातारा जिल्ह्यातलं माहेर, सांगलीजवळच्या गावात दिलेल्या. त्या कधी उत्तर द्यायच्या नाहीत, फळ्याकडे एकटक बघत बसायच्या. गेल्या वर्षी एका बुधवारी बैठक संपली, सगळ्या पांगल्या, तरी त्या थांबल्या.

म्हणाल्या, "ताई, भावाचा फोन आल्ता. म्हनतोय, सातबाऱ्यावर तुजं नाव अडकलंय, तेवढं सोडवून घिऊया. सोमवारी तालुक्याला ये, एक सही कर अन् जा."

"मग?"

"मग काय. सोडवायचं म्हंजे काय, ते इचारायला थांबले. कोडं सोडवत्यात तसं, का गाठ सोडवत्यात तसं, का हात सोडवून घेत्यात तसं?"

मी गप्प झाले. इतकी वर्षं कोडी सोडवते आहे, पण या शब्दाकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि गप्प होण्याचं आणखी एक कारण होतं, ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणं बरोबर नाही. २०११ साली अण्णा गेले. तेराव्यानंतर एक कागद माझ्यापुढं आला. सही करायच्या जागी कुणीतरी पेन्सिलीनं बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. "वारसाच्या नोंदीचं आहे, फक्त सह्या हव्यात," असं सांगितलं. मी फुल्या बघून सह्या केल्या. पुढं कचेरीत जाऊन अंगठाही दिला. मी बी.ए., घरात कोड्यांची पट्टीची म्हणून नाव असलेली. आणि मथळा वाचला नव्हता. तो हक्कसोडपत्राचा होता हे मला दीड वर्षानं कळलं. वाचला असता तर सही केली नसती असंही नाही. कदाचित केलीही असती. पण विचारलं कुणी नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही सुचलं नाही. माहेरी जाणं-येणं आहे, बोलणं आहे. तो विषय मात्र कुणी काढत नाही.

हे मी आक्कांना सांगितलं. मग आम्ही त्यांच्या भाच्याकडून मोबाईलवर कच्च्या दस्ताचा फोटो मागवला. 'राजीखुशीने', 'विनामोबदला', 'कायमस्वरूपी'. एकेक शब्द आम्ही फळ्यावरच्या कोड्यासारखा सोडवला. विनामोबदला म्हणजे काय, तर त्यांना एक रुपयाही मिळणार नव्हता. ओळखीच्या वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी समजावलं की महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. वडील २००५च्या आधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय. काही जुन्या वाटण्या आणि व्यवहार यातून वगळले आहेत, ते कागद बघूनच सांगता येतं. आणि हक्क सोडायचा तर नुसतं तोंडानं चालत नाही, नोंदणी झालेला दस्त लागतो. म्हणूनच ती 'एक सही'.

मी आक्कांना सही करू नका असं म्हटलं नाही. ते सांगणारी मी कोण! भावाचं घर म्हणजे बाईला काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कितीतरी जणी सगळं समजून-उमजून सही करतात, भाऊबीजेचं ताट चालू राहावं म्हणून. एवढंच म्हणाले की कागद मोठ्यानं वाचून घ्या आणि अडेल त्या शब्दाला थांबवा.

सोमवारी त्या गेल्या. सगळ्यांदेखत भावाला म्हणाल्या, "दादा, वाच की जरा. मला सोडवायचं म्हंजे काय ते कळंना." भाऊ म्हणाला, वाचायला काय आहे, तुझा विश्वास नाही का? त्या म्हणाल्या, "हाय की. म्हून तर तुलाच वाचाय सांगतीया." त्या दिवशी सही झाली नाही. दोन महिने बोलणं बंद. मग मधल्या मामांनी बैठक घातली आणि दस्त नवा झाला. राहत्या घरातला हक्क आक्कांनी सोडला, भाऊ तिथं राहतोय म्हणून. जमिनीतला सोडला नाही. सातबाऱ्यावर भावांच्या खाली त्यांचं नाव राहिलं.

दिवाळीला त्यांना माहेरचं मूळ आलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी भावाचा फोन आला, चार मिनिटं. त्यांनी मला मिनिटं मोजून सांगितली.

त्यानंतरच्या बुधवारी हप्ते झाले, चहा झाला. मी खडू उचलला तर आक्का पदराखालून वहीचा एक घडी घातलेला कागद काढून म्हणाल्या, "आज माजं लिवा." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना मोठ्यानं. तर मान हलवून म्हणाल्या, "बोलून सांगितलं की फुटतंय त्ये. लिवूनच दावा."

कागद उघडला. पेन्सिलीनं, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं :

'दोन अक्षरी. सांगलीत पुराच्या वेळी लागते आणि सातबाऱ्यावरही लागते.'